मर्यादेपलीकडची गती

मार्चअखेर जवळ आली की चाळीसगावच्या बाजारपेठेत अनेक पेढ्यांवर संगणकाकडे पाहून सुस्कारे सुटू लागतात. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप रोजमेळ, साठा आणि जीएसटीची विवरणपत्रे इमानाने सांभाळत असतो. पण वर्षभराच्या नोंदी एकदम उघडायच्या म्हटल्या की तो रेंगाळतो. चालती वस्तू टाकून द्यायची नाही, हा तर घरचा संस्कार. अशा वेळी अभियांत्रिकी शिकणारा पुतण्या सुचवतो, "काका, नवा कशाला? याच प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग करू. पैसा न लागता गती वाढेल." व्यापारी मनाला हा सल्ला तत्काळ पटतो. म्हणूनच तो व्यापाऱ्याच्या काट्यावर तोलून पाहणे आवश्यक आहे.

प्रोसेसरचे प्रत्येक काम एका ठोक्याच्या तालावर चालते. मदरबोर्डकडून येणारा मूळ ठोका आणि प्रोसेसरचा गुणक यांचा गुणाकार म्हणजे त्याची गती. यांपैकी एखादा आकडा उत्पादकाने घालून दिलेल्या मर्यादेपलीकडे नेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. इंटेलचा १९९८ सालचा सेलेरॉन ३००ए हे त्याचे गाजलेले उदाहरण. ६६ मेगाहर्ट्झचा ठोका आणि साडेचार हा गुणक, म्हणून गती सुमारे ३०० मेगाहर्ट्झ. मूळ ठोका १०० केला की तोच स्वस्त प्रोसेसर बहुधा ४५० वर चाले आणि कितीतरी महाग प्रोसेसरच्या पंक्तीला जाऊन बसे.

ही दीडपट गती आली कोठून? उत्पादकाने राखून ठेवलेल्या अंतरातून. माल तारण घेऊन कर्ज देणारी बँक मालाच्या पूर्ण किमतीइतकी उचल देत नाही. काही टक्के मार्जिन राखते. भाव कोसळतो त्या दिवशी ते मार्जिन कामी येते. प्रोसेसरचे मार्जिनही कडक उन्हाळा, साचलेली धूळ, विजेचा चढउतार आणि वर्षांची झीज यांच्यासाठी असते. ते आजच वापरून टाकले, तर त्या दिवसांसाठी गाठीशी काही उरत नाही.

आता हिशेब पाहू. प्रोसेसरची उष्णता साधारणतः गतीच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती २० टक्के वाढवली आणि ती टिकावी म्हणून दाब १० टक्के वाढवला, तर १.२ गुणिले १.१ चा वर्ग, म्हणजे सुमारे १.४५. वीस टक्के लाभासाठी पंचेचाळीस टक्के जादा उष्णता! शिवाय पंखा प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत दुकानात २० अंश असताना जो प्रोसेसर ६५ अंशांवर राहतो, तोच मे महिन्यात ४० अंशांच्या दुकानात ८५ च्या आसपास पोहोचतो. खानदेशचा वैशाख ज्याने अनुभवला आहे, त्याला हिवाळ्यात यशस्वी ठरलेल्या चाचणीवर किती विसंबावे हे सांगायला नको.

जुन्या मदरबोर्डवर धोका आणखी वाढतो. प्रोसेसरला स्थिर विद्युतदाब पुरवणारे जुने कपॅसिटर उष्णतेने कमजोर होत जातात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा ठोकताळा आहे. अनेक जुन्या बोर्डांवर मूळ ठोका वाढवला की हार्ड डिस्कशी होणाऱ्या देवाणघेवाणीचा तालही बिघडतो. संगणक बंद पडला तर निदान कळते. चुकीचा अंक मुकाट्याने लिहिला गेला, तर तो खातेवहीतून विवरणपत्रापर्यंत जातो आणि पेढीच्या शब्दावर डाग लागतो.

इंटेलच्या २०११ च्या पिढीपासून मूळ ठोका इतर जोडण्यांशी बांधला गेला. गुणक खुला असलेला 'के' मालिकेतील प्रोसेसर आणि त्याला अनुरूप बोर्ड असेल, तरच गतीत लक्षणीय वाढ करता येते. एच६१ सारख्या साध्या बोर्डवर ती सोय नाही. मग नवा प्रोसेसर, वेगळा बोर्ड, मोठा पंखा, दमदार पॉवर सप्लाय अशी खरेदी सुरू होते आणि फुकटाची गती महाग पडते.

श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण सांगितले आहे. जनावरावर त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादणे, हा त्याचा अर्थ. कापसाच्या गाड्या बैल ओढत, त्या काळी खानदेशातील व्यापाऱ्याला तो दारातच दिसत असे. यंत्र अजीव आहे, त्याला वेदना नाही. तेव्हा येथे तो अतिचार लागत नाही. परंतु ओझे लादण्यापूर्वी ओढणाऱ्याची शक्ती पाहावी, ही त्यामागची शिस्त भांडवलाला आणि उधारीला जशी उपयोगी, तशीच यंत्रालाही.

भार विभागण्याचा मार्ग महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये साकारलेला परम ८००० हा महासंगणक अनेक प्रोसेसरांना एकाच कामात जुंपून बनला होता. उष्णतेच्या अडचणीपुढे खुद्द इंटेलनेही २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडला आणि २००५ मध्ये दोन गाभ्यांचे प्रोसेसर बाजारात आणले.

पेढीवरील संगणक मंदावतो तेव्हा दोष बहुधा प्रोसेसरचा नसतो. जुनी हार्ड डिस्क आणि अपुरी रॅम ही खरी कारणे असतात. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी, बोर्डला चालेल तेवढी रॅम वाढवावी, प्रोसेसरवरील सुकलेली थर्मल पेस्ट बदलावी. कॅबिनेटमधील धूळ दर महिन्याला मऊ ब्रशने, जयणापूर्वक काढावी. फार दिवस तसेच ठेवल्यास आत मुंग्या-झुरळे घर करतात आणि मग सफाईत जीवहिंसा अटळ होते. हिशेबाचा बॅकअप रोज घेऊन दुसऱ्या ठिकाणी ठेवावा.

पुतण्याची जिज्ञासा मात्र मोडू नये. माळ्यावर पडलेला एखादा जुना संगणक त्याच्या स्वाधीन करावा. ठोका, गुणक, दाब, तापमान यांची रोज नोंद ठेवण्यास सांगावे. त्यातून तो पुष्कळ शिकेल. त्या संगणकात पेढीचा एकही हिशेब नसावा, एवढी खबरदारी पुरेशी आहे.