स्वस्त फिल्टर, महाग फट

प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन बंद होऊन वीसहून अधिक वर्षे झाली. मूळ एअर क्लीनर मिळत नाही म्हणून कुणी बाजारातला स्वस्त फिल्टर बसवला, की जाणकार नाक मुरडतात. मला ते पटत नाही. दोष स्वस्ताईचा नसतो, बसवण्याचा असतो.

हे १०८९ सीसीचे इंजिन ३००० फेऱ्यांना, पूर्ण जोर दिल्यास, मिनिटाला हजाराहून अधिक लिटर हवा ओढते. फिल्टर तुंबला तर पेट्रोल जास्त जळते, धूर काळा होतो. फिल्टरच्या गळ्याशी फट राहिली, तर धूळ थेट आत जाऊन सिलिंडर आणि रिंगा घासते. आपल्या वसमतला तर काळ्या मातीची धूळ, त्यात हंगामात हळदीची भर!

म्हणून आधी कार्ब्युरेटरच्या तोंडाचे माप घ्यावे, रबरी वॉशर घालून पट्टी आवळावी, बॉनेट टेकत नाही ना ते पाहावे, आणि इंजिनाच्या वाफेची नळी उघडी सोडू नये.

हे काम निगुतीचे आहे. पण आपण शिकलेली माणसे फिल्टरवर पैसे वाचवतो आणि मिस्त्रीच्या मजुरीतही घासाघीस करतो. माझे म्हणणे एवढेच : फिल्टर खुशाल स्वस्त घ्या; वाचलेले पैसे मात्र त्या हातांना द्या.