तबेल्यातलं खेचर

मुलांनो, परवा इतिहासाच्या तासाला चौथीतल्या एका मुलीनं मला चांगलंच अडवलं. म्हणाली, "बाई, भिंत म्हातारी होऊनसुद्धा पडते. मग खोदताना पडकी भिंत सापडली, तर ती भूकंपानंच पडली हे कशावरून?"

प्रश्न लाखमोलाचा! उत्तरासाठी आपण सायप्रसला जाऊ या. हे भूमध्य समुद्रातलं बेट. नकाशात तुर्कस्तानच्या खाली सापडेल. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, उंच कड्यावर कुरिऑन नावाचं शहर होतं. १९८४ पासून डेव्हिड सोरेन या अमेरिकी पुरातत्त्वज्ञांच्या तुकडीनं तिथलं एक घर खणलं. त्या घराला एक तबेला होता. दगडांच्या ढिगाखाली एका खेचराचा सांगाडा निघाला, आणि त्याच्याजवळ सुमारे तेरा वर्षांच्या मुलीचा.

आता विचार करा. घर जुनं होऊन हळूहळू पडलं असतं, तर माणसं आधीच निघून गेली असती. जाताना खेचर सोडून नेलं असतं. भांडीकुंडी, पैसाअडका नेला असता. शत्रूनं हल्ला केला असता, तर लूट झाली असती, जळल्याच्या खुणा राहिल्या असत्या. इथे मात्र सगळं जागच्या जागी, आणि वर कोसळलेले दगड. म्हणजे जे झालं ते एका क्षणात. बिथरलेल्या खेचराला शांत करायला ती मुलगी तबेल्यात गेली असावी, असा खोदणाऱ्यांचा अंदाज आहे.

जवळच आणखी तिघं सापडली. पंचविशीतला पुरुष, एकोणीस-वीस वर्षांची स्त्री आणि दीड वर्षाचं बाळ. आईनं बाळाला छातीशी धरलेलं, आणि बाबांनी दोघांवर आपल्या अंगाची ढाल केलेली. वाचताना मीसुद्धा थोडा वेळ थांबले, बरं का.

पण हे घडलं केव्हा? इथे साक्षीला आली नाणी! पडक्या घरांत सापडलेल्या नाण्यांपैकी सर्वांत अलीकडची साधारण इसवी सन ३६४-३६५ ची निघाली. घर त्याआधी पडलं असतं, तर ही नाणी त्या दगडांखाली आलीच नसती. आणि नंतर बरीच वर्षं नांदतं असतं, तर पुढची नाणीही मिळाली असती. होय की नाही?

दुसरा साक्षीदार म्हणजे रोमन इतिहासकार अमियानुस मार्सेलिनुस. २१ जुलै ३६५ रोजी, नुकतंच उजाडलं असताना मोठा भूकंप झाला, असं त्यानं लिहून ठेवलंय. समुद्र आधी मागे हटला आणि मग प्रचंड लाटांनी किनाऱ्यांवर चालून आला, हेही तो सांगतो. नाणी आणि लेखणी, दोघांचा मेळ बसला. त्यावरून कुरिऑनचं ते घर याच भूकंपात पडलं, असं सोरेन यांनी मांडलं. पाहिलंत ना, एकटी पडकी भिंत पुरावा होत नाही. तिच्याखाली काय आहे, नाणी काय सांगतात, कुणी काय लिहिलंय, हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं.

कुरिऑन पुन्हा वसलं. पाचव्या शतकात तिथे मोठं चर्चही उभं राहिलं.

पहाट आणि दगड म्हटलं की तुमच्या आईबाबांना किल्लारी आठवेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड धाबी झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. मधे सोळाशेहून जास्त वर्षं लोटली होती, पण घात केला तो डोक्यावरच्या ओझ्यानंच.

म्हणून आज एवढंच करा. रात्री झोपण्याआधी आपल्या उशावरची फळी बघा. वर जड पेटी, पाटा-वरवंटा, मोठा डबा काही आहे का? असेल तर आईबाबांच्या मदतीनं खाली उतरवा. भिंतीला रुंद भेग दिसली, तर त्यांना दाखवा. तबेल्यातल्या त्या मुलीचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. पण तिच्यामुळे तुमची फळी रिकामी झाली, तर इतिहासाचा तास फुकट गेला नाही असं मी म्हणेन.

पुढच्या आठवड्यात भेटूच!

— तुमच्या बाई