बांधाचा हिशेब

महसूल खात्यातील एका निवृत्त कारकुनाने शेतीविषयी लेख लिहावा, हे पुष्कळ वाचकांस चमत्कारिक वाटेल. माझे शिक्षण मराठी शाळेतले. कृषिविद्यालयाची पायरी मी चढलेलो नाही. तथापि सोलापूर जिल्ह्यात आमची थोडी वडिलार्जित जमीन आहे, आणि तीस वर्षे तहसील कचेरीत ज्या टेबलापाशी माझा काळ गेला, त्या टेबलावर शेतकऱ्यांची प्रकरणे येऊन पडत असत. ज्वारी कशी पेरावी हे मजपेक्षा आपण सर्वजण अधिक जाणता. शेतकरी कशापायी भांडतो हे मात्र मला थोडेसे ठाऊक आहे. आणि भाऊबंदांच्या भांडणांत बांधाएवढे जुने व चिवट भांडण मी दुसरे पाहिले नाही.

अलीकडे ‘पर्यावरण’ हा शब्द सर्वतोमुखी झाला आहे. १९७२ साली स्टॉकहोम येथे राष्ट्रांची परिषद भरली व पुढील वर्षापासून ५ जून हा दिवस जगभर पाळण्याची वहिवाट पडली. आमच्या कचेरीच्या आवारातही त्या दिवशी वृक्षारोपण होत असे. खड्डे बहुधा गतवर्षीचेच असत. अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे ‘जगलेली रोपे’ हा रकाना भरताना लेखणी किती अडखळत असे, ते मीच जाणतो. शेतकऱ्यास झाड लावण्यासाठी कोणाच्या आवारात जावयास नको. त्याच्या शेताच्या कडेने बापजाद्यांनी न नांगरलेली एक पट्टी राखून ठेवली होती. तिच्यावर बाभळी, निंब, बोरी उभ्या होत्या, खाली मारवेल, पवन्या, कुंदा हे गवत होते. ती पट्टी आपण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत स्वतःच्या हाताने खाऊन टाकली. त्या पट्टीसंबंधी चार शब्द लिहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बांध कोरण्याचे कारण उघड आहे. सरकारी कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात खातेदाराचे सरासरी क्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ साली १.३४ हेक्टरवर आले. वाटण्या होत गेल्या तसे पोटहिस्से वाढले, पोटहिस्से वाढले तसे बांधही वाढले. परंतु संख्येने वाढले आणि अंगाने रोडावले. पूर्वी ज्या सरबांधावरून भरलेली बैलगाडी जात असे, तेथून आज माणसाने डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन जाऊ म्हटले तर पाय घसरतो. दरवर्षी नांगरटीच्या वेळी इकडचा एक वीत घेतो, तिकडचाही एक वीत घेतो, आणि दोघेही शपथेवर सांगतात की बांध दुसऱ्यानेच कोरला. असे जबाब मी किती लिहून घेतले याची गणती नाही. दोघेही खोटे बोलत नसत. प्रत्येकजण निम्मे खरे सांगत असे.

आता याचा हिशेब मांडून पाहू, कारण कारकुनास दुसरे काही येत नाही. बांधाची लांबी दोनशे मीटर आहे व एका बाजूने हातभर, म्हणजे दीड फूट, बांध कोरला असे धरा. क्षेत्र निघते सुमारे ९१ चौरस मीटर. एक गुंठा देखील पुरा होत नाही. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी चार क्विंटल धरली तर गुंठ्यास दहा किलो पडते. दहा किलो ज्वारीसाठी भावाशी बोलणे तुटते, ‘हद्द कायम’ मोजणीची फी भरली जाते, वकील दिला जातो, आणि तालुक्याच्या गावी जो हेलपाटा पडतो त्याचे एसटीचे भाडेच त्या ज्वारीहून अधिक होते. दुसऱ्या बाजूस काय जाते तेही पाहा. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे एक लाख लिटरांहून अधिक पाणी पडले. ते पाणी अडविणारा बांध मजबूत नसेल तर ते माती घेऊन निघते. एका एकरावरची एक सेंटिमीटर जाडीची माती चाळीस घनमीटर भरते. तिचे वजन पन्नास टनांच्या आसपास होते. तेवढी माती ओढ्यातून परत आणावयाची म्हटली तर ट्रॅक्टरच्या किती खेपा होतील, व डिझेल कोण देईल? आणि जी वाहून जाते ती वरची, खताची माती असते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वडील वारल्यावर २००८ साली माझी व धाकट्या भावाची वाटणी झाली. वरचा तुकडा मजकडे, उताराचा त्याच्याकडे आला. मध्ये आजोबांच्या वेळची एक ताल होती. पाच फूट रुंद, दगडांनी बांधलेली, माथ्यावर तीन बाभळी व एक जुना निंब. मोजणी झाली तेव्हा असे दिसले की खरी हद्द तालीच्या खाली दोन हातांवर आहे. कागद माझ्या बाजूचा होता, आणि कागद हा माझा धंदा होता. मी जेसीबी आणून ती ताल मोडली, झाडे विकली, आणि नकाशावरील रेषेवर नवा मातीचा बांध टाकला. भाऊ बांधावर उभा होता. तो एवढेच म्हणाला, “दादा, रेषा तुमची बरोबर असंल, पण पानी रेषा बघून येत न्हाई.” मी त्यास कायदा समजावून सांगितला.

पुढील वर्षी हस्ताच्या पावसात एका रात्रीत तो बांध तीन ठिकाणी फुटला. नव्या भुसभुशीत मातीवर गवताची एक काडी धरलेली नव्हती, मग ती टिकावी कशी? माझ्या रानातून कमरेइतकी घळ पडली, आणि माझी माती भावाच्या नुकत्या उगवलेल्या ज्वारीवर जाऊन बसली. त्याचे पीक गेले व माझी जमीन गेली. त्याने फिर्याद केली नाही. केली असती तर मला बरे वाटले असते, कारण फिर्यादीला उत्तर कसे द्यावे हे मला ठाऊक होते.

आपल्याकडे ही गोष्ट पूर्वी कोणास कळत नव्हती असे नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ साली पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतांत पाणी मुरावे म्हणून ताली-बंधारे घालण्याचे काम सरकारने आपल्या लष्कर व पोलिसांच्या फावल्या माणसांकडून करून घ्यावे, असे सुचविले होते. मुंबई सरकारने १९४२ साली जमीनसुधारणा योजनांचा कायदा केला आणि त्याअन्वये आमच्या दुष्काळी टापूत बांधबंदिस्तीची कामे झाली. १९७२ च्या दुष्काळात तर हजारो हातांनी टोपल्या उचलून बांध घातले. त्यांपैकी कित्येक बांध आज कोठे आहेत ते विचारू नये. सरकारने घातला म्हणून तो सरकारचा, असे आपण मानले. आणि सरकारचे ते फोडण्यास हरकत नाही, असेही मानले. वास्तविक १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे हद्दीच्या खुणा नीट राखण्याची जबाबदारी जमीनधारकावरच आहे. ही गोष्ट मी कित्येकांस वाचून दाखविली. आणि २००८ साली मला स्वतःला ती आठवली नाही.

माती व पाणी सोडले तरी बांधाचे दुसरे उपयोग थोडे नाहीत. हरभऱ्यावर घाटे अळी पडली म्हणजे कृषी खाते रानात काठ्या रोवून पक्षिथांबे करावयास सांगते, की त्यांवर कोतवाल, साळुंकी येऊन बसतील व अळ्या टिपतील. सल्ला योग्यच आहे. परंतु ज्या बाभळीवर तो कोतवाल बापाच्या वेळेपासून बसत होता ती आपण तोडली, आणि आता बाजारातून बांबू विकत आणून त्यास बसावयास देतो! उंदरांचे तसेच. बांधाच्या कपारीत धामण राही व निंबाच्या ढोलीत पिंगळा राही. दोघांसही आपण घालविले आणि उंदरांसाठी विषाच्या पुड्या आणतो. कांद्याचे बी धरणारे कित्येक शेतकरी आता मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात. बांधावर बोर, करंज, निंब फुलत होते तोवर माश्यांस भाडे द्यावे लागत नव्हते.

यावर आक्षेप आहेत व ते पोकळ नाहीत. झाडाच्या सावलीत ज्वारी खुरटते, हे खरे आहे. पाखरे कणसे खातात, हेही खरे. ज्याला एकच एकर आहे त्याने एक तास देखील का सोडावा, हा प्रश्न तर मला कधीच हसण्यावारी नेता आला नाही. माझे म्हणणे इतकेच, की सावलीचाही हिशेब आहे. रब्बीच्या हंगामात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून बांध पूर्व-पश्चिम असेल तर त्यावरील झाडांची सावली दुपारभर उत्तरेकडील शेतावर पडून राहते, आणि झाड लावणारा एक व सोसणारा दुसरा अशी स्थिती होते. भांडणाचे मूळ पुष्कळदा येथेच असते. अशा बांधावर उंच झाड लावू नये. तेथे गवत राखावे, गिरिपुष्प लावावे आणि वेळोवेळी छाटून त्याचा पाला रानात टाकावा. त्यात नत्र भरपूर असते. दक्षिणोत्तर बांधावरची सावली मात्र सकाळी एकीकडे व दुपारनंतर दुसरीकडे फिरते. ती पिकास फारशी जाचत नाही. तेथे रामकाठी बाभूळ लावावी. ती सरळ वर जाते, झाडोरा आखूड असतो, आणि आमच्या बाजूच्या जुन्या लोकांनी बांधासाठी तीच पसंत केली होती. मुळ्या रानात पसरत असतील तर बांधालगत एक खोल तास काढला म्हणजे त्या तुटतात. बाभळीचे बी बाजारात शोधू नये. शेळ्यांना शेंगा चाराव्या व वाड्यात पडलेले बी गोळा करावे. शेळीच्या पोटातून आलेले बी लवकर रुजते.

एक नवी खोड मात्र अजिबात सोडावी. बांध ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून तणनाशक मारण्याची चाल पडली आहे. गवत जळून पिवळा पडलेला बांध पहिल्या वळवात कसा ढासळतो, हे ज्याने पाहिले नसेल त्याने आमच्या शिवारात यावे. दाखविण्यास मी मोकळाच आहे. हरळी पिकात येते, ही तक्रार मान्य. तिला खुरपे आहे.

कागदासंबंधी दोन शब्द. बांधावरच्या झाडाची सातबारावर नोंद झाली तर ते सरकारजमा होईल, अशी भीती अनेकांस वाटते. ती व्यर्थ आहे. खातेदाराच्या जमिनीतील झाडांवर सामान्यतः खातेदाराचाच हक्क असतो. १९६४ च्या कायद्याने आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग इत्यादी ठराविक झाडे तोडण्यास परवानगी लागते. बाभूळ आणि निंब त्या अनुसूचीत नाहीत. पूर्वी झाडांची नोंद होणे न होणे तलाठ्याच्या सवडीवर असे. २०२१ साली ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि मोबाइलवरून पीक नोंदविताना बांधावरची झाडे नोंदविण्याचीही सोय झाली. पुष्कळजण पीक नोंदवितात व झाडांचे पान उघडीतच नाहीत. ते उघडावे. उद्या वाटणी झाली, मोजणी आली, की झाड कोणाचे व किती जुने हे सांगणारा एक तरी कागद हाती असतो.

२०२१ साली मी नोकरीतून मोकळा झालो. २०२२ च्या उन्हाळ्यात भावाकडे गेलो आणि म्हणालो, ताल पुन्हा जुन्या जागी घालू. दोन हात जमीन माझ्याकडची जाईल, ती जाऊ दे. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, दगड तुमच्या विहिरीपाशी पडल्यात, बैलगाडी माझी घ्या. दोन्ही घरची माणसे मिळून एकवीस दिवस काम झाले. माथा चार फूट ठेवला, त्यावर मारवेलाचे ठोंब लावले. बांध दक्षिणोत्तर नसून थोडा तिरपा आहे, म्हणून झाडे विरळ लावली. वीस हातांवर एक, अशा सात बाभळी. पैकी दोन शेळ्यांनी खाल्ल्या, त्या पुन्हा लावल्या. नोंद त्याच्या सातबारावर करावी की माझ्या, हा प्रश्न निघाला तेव्हा मी पुन्हा कारकून झालो व नकाशा आणावयास उठलो. भावाने मला हाताला धरून बसविले. आता चार झाडे त्याच्या नावे व तीन माझ्या नावे आहेत, आणि शेंगा ज्याच्या शेळ्या आधी पोहोचतील त्याच्या.