खोडदच्या तबकड्या काय ऐकतात?



नारायणगावहून खोडदच्या बाजूला गेलात, की द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या फडांपलीकडे आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड जाळीच्या तबकड्या दिसतात. जुन्नर-आंबेगावकडच्या मंडळींना त्या रोजच्याच झाल्या आहेत. गावोगावच्या बैठकांत मात्र त्यांच्याविषयी दोन प्रश्न हटकून निघतात. यांतून निघणाऱ्या लहरींनी पिकाला अपाय होतो का? आणि एवढा पैसा ओतून ही माणसे शोधतात तरी काय?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. या तबकड्यांतून काहीही बाहेर पडत नाही. त्या बोलत नाहीत, नुसत्या ऐकतात. त्या पाऊस पळवत नाहीत की फुलोरा गाळत नाहीत. टोमॅटोवर करपा आला तर त्याचे खापर तबकडीवर फोडू नका, फवारणीची वेळ पाहा.

दुसऱ्या प्रश्नाला थोडा वेळ द्यावा लागेल.

ही रेडिओ दुर्बीण आहे. डोळ्यांना दिसणारा उजेड ती पकडत नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. गोविंद स्वरूप यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1990 नंतरच्या दहा वर्षांत उभी केली. एकूण 30 तबकड्या, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. त्यातल्या 14 खोडदजवळ दाटीने आहेत, उरलेल्या 16 तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. दोन टोकांत सुमारे 25 किलोमीटरचे अंतर पडते. तबकडीला भरीव पत्रा नाही, ताणलेल्या दोरांवर बसवलेली स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी आहे. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च वाचला. पत्रा उडतो आणि जाळी टिकते, हे वादळात छप्पर गेलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

तारे हायड्रोजन वायूपासून बनतात. आपला सूर्यही त्यातूनच झाला. हा वायू एक अत्यंत क्षीण रेडिओ लहर सोडतो. तिची लांबी 21 सेंटीमीटर असते. ही लहर पकडली, की कुठे किती वायू शिल्लक आहे ते कळते. डॉ. स्वरूप यांना ही दुर्बीण हवी होती ती मुख्यतः फार दूरचा, म्हणजेच फार जुना हायड्रोजन शोधण्यासाठी.

दूरचा म्हणजे जुना कसा? परगावी गेलेल्या मुलाचे पत्र महिन्याने हातात पडले, तर त्यातली खुशाली महिन्यापूर्वीची असते. लहरींचेही तसेच. काही लहरी 800 कोटी वर्षे वाट चालून खोडदला पोचतात. त्या निघाल्या तेव्हा आपली पृथ्वीच काय, सूर्यही नव्हता.

आता अडचण पाहा. इतक्या दुरून येणारी एका दीर्घिकेची, म्हणजे एका ताराविश्वाची, लहर खरखरीत बुडून जाते. यावर काढलेली तोड मला फार आवडली, कारण ती आपल्या बियाण्याच्या कामातली आहे. किराणा दुकानाच्या काट्यावर ज्वारीचा एक दाणा ठेवला तर काटा हलत नाही. म्हणून आपण हजार दाणे मोजून त्यांचे वजन करतो. शास्त्रज्ञांनी अशा 7,653 दीर्घिका घेतल्या, ज्यांची जागा आणि अंतर इतर दुर्बिणींनी आधीच नोंदले होते. सुमारे शंभर तास खोडदच्या तबकड्या त्यांच्याकडे वळवल्या आणि सगळ्यांच्या लहरी एकमेकींवर रचल्या. खरखर दबली, हायड्रोजनची खूण वर आली. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांचे सहकारी यांचा हा निकाल ऑक्टोबर 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. स्वरूप त्याच वर्षी सप्टेंबरात वारले होते.

निकाल काय, ते विहिरीच्या हिशेबाने सांगतो. विश्वात तारे जन्माला येण्याचा भर 800 ते 1000 कोटी वर्षांपूर्वी होता. आज तो वेग साधारण दहाव्या हिश्शावर आला आहे. का आला, हे नीट कळत नव्हते. खोडदला दिसले ते असे, की त्या काळी दीर्घिकांत वायूचा साठा मुबलक होता, त्यांच्यातल्या ताऱ्यांच्या वजनाहूनही जास्त. पण उपसा इतका जोराचा होता, की तेवढा साठा 100 ते 200 कोटी वर्षांतच संपावा. बाहेरून नव्या वायूची भर त्या मानाने पडली नाही आणि ताऱ्यांचे पीक ओसरले. पुढे 510 तासांचे आणखी मोठे निरीक्षण झाले. त्यात सुमारे 100 कोटी वर्षांच्या अवधीत सरासरी साठा एक तृतीयांशाच्या आसपास उतरलेला दिसला. विहीर भरलेली दिसली म्हणून मोटार चोवीस तास चालवणाऱ्याला याहून वेगळे काय घडते?

इतके नाजूक ऐकायचे तर भोवती शांतता हवी. कानाला ऐकू येणारा गोंगाट इथे आड येत नाही, विजेच्या ठिणगीचा येतो. आकाशवाणीवर बातम्या लागल्या असताना जवळची मोटार सुरू केली, की खरखर होते, तीच ही. सैल जोड, तडकलेला चिनीमातीचा इन्सुलेटर, झिजलेला स्टार्टर, सगळे खरखर सोडतात. मोबाईलच्या लहरीही त्या जुन्या हायड्रोजनच्या लहरींच्या शेजारच्याच. म्हणून दुर्बिणीच्या परिसरात कारखाना काढायचा तर तपासणी आणि परवानगी लागते. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा नारायणगावावरून आखलेला मार्गही याच कारणाने अडला. त्या पट्ट्यातल्या लोकांना रेल्वे हवी आहे आणि ती मागणी मला रास्त वाटते. टोमॅटो काही थांबत नाही. पण ज्यांच्या रेल्वेची आणि कारखान्यांची किंमत या शांततेसाठी मोजली जाते, त्यांना तिथे काय ऐकू आले हे त्यांच्या भाषेत कुणी सांगायला नको का? ते फार थोडे सांगितले गेले, असे माझे मत आहे.

तुम्ही खोडदचे असा वा नसा, ठिणगीचे मनावर घ्या. स्टार्टर तडतडत असेल, पेटीला जळका वास येत असेल, तर मेन स्विच बंद करून जाणकार इलेक्ट्रिशियनला बोलवा. उसावरून गेलेल्या तारा लोंबत असतील किंवा रात्री खांबावर ठिणगी दिसत असेल, तर वीज कंपनीच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. खांबाला स्वतः हात लावू नका. दुर्बिणीला त्या ठिणगीची खरखर होते, पण तुमचा तोडणीला आलेला ऊस तिने एका दुपारी जळतो.

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरवण्याची प्रथा आहे. त्यात शाळकरी मुले आपले प्रयोग मांडतात. तारखेची आधी शाळेत चौकशी करा आणि मुलांबरोबर आजी-आजोबांनाही न्या. आवारात मोबाईल बंद ठेवावा लागतो, म्हणून घरी काय ते सांगून निघा.