खोकला आहे? मग आधी धंदा विचारा!

आपल्या भागात खोकला दोन आठवड्यांच्या वर रेंगाळला, वजन उतरू लागले, की घरच्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो टीबीचा. ही जागरूकता चांगलीच आहे. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, औषधेही मोफत मिळतात, आणि पुरा कोर्स घेणारा रुग्ण बहुधा खडखडीत बरा होतो. तेव्हा खोकला अंगावर काढू नका, हे या स्तंभातून पुनःपुन्हा सांगितले जाते ते योग्यच आहे.

परंतु वाचकहो, या शहाणपणाला एक पुस्ती जोडण्याची वेळ आली आहे. शहापूर आणि मुरबाड हे आता नुसते भातशेतीचे तालुके राहिलेले नाहीत. मुरबाडला एमआयडीसी आहे. वासिंद, आसनगाव, आटगाव या पट्ट्यात मोठे कारखाने आहेत आणि त्यांच्या आसपास पाच-दहा माणसांच्या लहान शेडही आहेत. भात झोडून झाले की गावची तरुण मुले ठेकेदाराच्या हजेरीवर कामाला लागतात. त्यांतल्या काहींच्या वाट्याला येते ते लोखंड घासायचे, गंज काढायचे, कडा मारायचे आणि चकाकी आणायचे काम. अशा माणसाचा खोकला दरवेळी क्षयाचाच असतो असे नाही. तो वाळूच्या धुळीचाही असू शकतो. त्या रोगाचे नाव सिलिकोसिस. तो बरा होत नाही, परंतु तो पूर्णपणे टाळता येतो. म्हणूनच त्याच्याविषयी मौन बाळगणे आम्हाला अक्षम्य वाटते.

वाळूचा फवारा

लोखंडावर गंज असला की रंग धरत नाही. मुंबईला पाणी नेणारे तानसाचे प्रचंड नळ आपल्या तालुक्यातूनच जातात. एवढे लोखंड उन्हापावसात टिकवायचे तर रंगाआधी गंज उतरवावाच लागतो. हे काम झटपट करण्याची युक्ती अमेरिकेतील बेंजामिन टिल्घमन यांनी शोधली आणि १८७० साली तिचे पेटंट घेतले. दाबाची हवा किंवा वाफ घेऊन वाळूचा झोत पृष्ठभागावर मारायचा. हेच सँडब्लास्टिंग. हाताने दिवसभर घासून जे निघणार नाही ते या झोताने काही मिनिटांत निघते.

झोतातला वाळूचा कण लोखंडावर आपटून फुटतो, आणि त्याची पिठाहून बारीक धूळ होते. खरा धोका तिथे आहे. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणारी धूळ पाच मायक्रॉनच्याही आतली असते. ती डोळ्यांना दिसत नाही. नाकातले केस आणि घशातला कफ मोठे कण अडवतात, परंतु ही धूळ त्यांना चुकवून थेट हवेच्या पिशव्यांत उतरते. ताजी फुटलेली धूळ जुन्या धुळीपेक्षा अधिक जहाल असते.

ओतशाळेतल्या फेटलिंगचेही असेच. साच्यातून काढलेल्या ओतकामाला वाळू चिकटलेली असते. ती छिन्नीने, ग्राइंडरने काढावी लागते. साच्यांसाठी पांढरी सिलिका वाळू वापरतात. सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरात तिच्या खाणी आहेत. कामगाराला वाटते आपण लोखंड घासतो आहोत, पण त्याच्या छातीत जाते ती वाळू.

‘आम्ही खडीच्या क्रशरवर वर्षे काढली, आम्हाला काही झाले नाही,’ असे जुनी माणसे सांगतात. याला एक कारण आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात मुक्त सिलिका थोडी असते, तर सिलिका वाळूत आणि गारगोटीत ती भरपूर असते. खडीची धूळही चांगली नव्हेच. परंतु तिच्या अनुभवावरून सिलिका वाळूच्या धुळीला किरकोळ समजणे म्हणजे धामण पाहून नागाला हात घालण्यासारखे आहे.

छातीत काय होते?

फुप्फुसात शिरलेला परका कण गिळून टाकणाऱ्या रक्षक पेशी शरीरापाशी असतात. सिलिकाचा कण त्यांना पचत नाही. पेशी मरते, कण सुटतो, दुसरी पेशी तो गिळते, तीही मरते. या झटापटीत फुप्फुसात जखमेच्या वणासारखे कडक गाठोळे तयार होतात. फुप्फुस मऊ स्पंजासारखे असायला हवे, ते दगडावते. प्रथम चढणीवर धाप लागते, मग सपाटीवर, शेवटी अंथरुणात बसल्या बसल्या.

साधारणपणे रोग दिसायला दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. धूळ जास्त असेल तर पाच ते दहा वर्षे. बंदिस्त जागेतल्या सँडब्लास्टिंगसारख्या कामात काही महिन्यांत किंवा दोन-चार वर्षांतही तो माणसाला गाठतो. काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसाचा कर्करोग होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये दिला.

एक्स-रेवर या गाठी बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. क्षयाचे डागही बहुधा तिथेच असतात. त्यामुळे थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी फोटोवरून क्षयाचा कोर्स सुरू होतो. खोकला हटत नाही, पुन्हा कोर्स होतो. मधल्या काळात माणूस पुन्हा त्याच शेडमध्ये कामावर जातो! दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सिलिकाने दुबळ्या झालेल्या फुप्फुसात क्षयाचे जंतू सहज घर करतात. म्हणजे एकाच माणसाला दोन्ही रोग असू शकतात. तेव्हा डॉक्टरांनी सुरू केलेले क्षयाचे औषध कोणीही आपल्या मनाने बंद करू नये. फक्त औषध लिहिणाऱ्याला आपले काम आवर्जून सांगावे.

गुळाचा खडा आणि रुमाल

धुळीच्या कामावर गूळ खाल्ला की छाती साफ होते, हा समज घट्ट रुजलेला आहे. काही ठिकाणी सुट्टी झाली की मुकादम स्वतःच गूळ वाटतो. गूळ अन्न म्हणून चांगला, परंतु तो अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धूळ श्वासनलिकेतून छातीत. गूळ खाऊन कामगाराचा सिलिकोसिस टळतो असे सिद्ध झालेले नाही. दारूने धूळ उतरते हा समज तर घरच बुडवणारा आहे.

तोंडाला बांधलेला रुमाल, मग तो ओला असो वा कोरडा, जाड कण अडवतो. घातक बारीक धूळ त्याच्या विणीतून आरपार जाते. ग्राइंडिंगसाठी निदान चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक कण अडवणारा एन-९५ जातीचा मास्क हवा. ब्लास्टिंगसाठी तोही अपुरा आहे. तिथे बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे शिरस्त्राण लागते. सुट्टी झाल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून अंगावरची धूळ उडवण्याची सवय फारच वाईट, कारण दिवसभर बसलेली धूळ त्याने पुन्हा नाकाशी येते. ते कपडे घरी नेऊन झटकू नयेत. धुळीत मुलेबाळे असतात.

ग्राइंडिंगचे चाक आता बहुधा कृत्रिम द्रव्याचे असते, पूर्वीसारखे वालुकाश्माचे नसते. तरी स्टेनलेस स्टील घासताना क्रोमियम आणि निकेल उडते, तर जुना रंग खरवडताना शिसे उडू शकते. गंज काढण्यासाठी पत्रा तेजाबात बुडवतात. त्या वाफांनी पुढचे दात झिजतात. स्टेनलेस स्टीलच्या पिकलिंगला वापरतात ते हायड्रोफ्लोरिक आम्ल तर कातडीखाली खोल जाऊन हाडापर्यंत पोचते. ते अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवून ताबडतोब रुग्णालय गाठावे. त्यावरचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम अशा प्रत्येक कारखान्यात असायलाच हवे.

वाळूच नको

मालकांना आमचे सांगणे आहे की, मास्क वाटणे ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. पहिली पायरी म्हणजे झोतातून वाळू काढून टाकणे. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कारखान्यांत ओतकाम व तत्सम वस्तूंच्या ब्लास्टिंगसाठी वाळू वापरण्यास बंदी केली. पोलादी छर्रे किंवा ग्रिट वापरले तर तेच काम होते, आणि ते गोळा करून पुन्हा वापरता येतात. लहान जॉब बंद पेटीत ब्लास्ट करता येतो. पाण्यासह ब्लास्टिंग करता येते. ग्राइंडरजवळ धूळ ओढणारा पंखा बसवता येतो. हे खर्चाचे आहे खरे, परंतु आज हा खर्च कामगार आपल्या फुप्फुसाने भरतो आहे.

टर्कीमध्ये जीन्सचे कापड जुनाट दिसावे म्हणून त्यावर वाळूचा फवारा मारीत. तरुण मुले काही वर्षांतच धापेने खलास होऊ लागली, तेव्हा २००९ मध्ये त्या देशाने या पद्धतीवर बंदी घातली. आपल्या शेजारचे उदाहरण अधिक जवळचे आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूरकडचे आदिवासी गुजरातेत गारगोटीच्या चक्क्यांवर मजुरीला गेले आणि छातीत धूळ घेऊन गावी परतले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. माणसे गेल्यावर मिळालेला हा न्याय! आपल्याकडचे ठाकूर, कातकरी, कुणबी घरांतले मजूरही असेच हंगामी, आज या शेडला तर उद्या त्या शेडला. उद्या रोग निघाला तर तो कुठे जडला, हे सिद्ध कोण करणार?

केसपेपरवर एक ओळ

यासाठीच आमची मागणी अगदी साधी, बिनखर्चाची आहे. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला पूर्वापार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत वैद्याने ‘तू काम काय करतोस?’ हा प्रश्न घालावा, असे त्यांनी सांगितले. तीनशे वर्षे उलटली, तरी तो प्रश्न आपल्या केसपेपरवर क्वचितच दिसतो. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांतही खोकल्याच्या प्रत्येक रुग्णापुढे त्याचे काम आणि त्या कामाची वर्षे लिहिली जावीत. नुसते ‘मजुरी’ लिहून भागणार नाही. मजुरी कशाची, हे लिहावे.

१९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवण्याचा रोग ठरवला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. अशी शंका आली तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने कारखाने निरीक्षणाच्या यंत्रणेला कळवणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे, उपकार नव्हे. भरपाईस पात्र व्यावसायिक रोगांच्या यादीत सिलिकोसिस तर आहेच, सिलिकोसिसमुळे जडलेला क्षयही आहे. हे किती जणांना ठाऊक आहे?

कामगार बंधूंनीही एक वही ठेवावी. कोणत्या शेडमध्ये, कोणत्या ठेकेदाराकडे, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणते काम केले, हे तीत लिहावे. हजेरीची चिठ्ठी, पगाराची पावती, छातीचे जुने फोटो फेकू नयेत. वापरली जाणारी वाळू कसली, हे विचारावे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्यावे. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ती वही बरोबर न्यावी आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवावी.