मुख्याध्यापकाला गोंडी का येऊ नये?

शिक्षणक्षेत्रात दर दहा-बारा वर्षांनी एका नव्या शब्दाचे राज्य येते. 'आनंददायी शिक्षण' झाले, 'ज्ञानरचनावाद' झाला. सध्या 'शालेय नेतृत्व' हा शब्द गादीवर आहे. दिल्लीत २०१२ मध्ये या विषयाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. आपल्याकडे औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेकडे मुख्याध्यापकांच्या नेतृत्व-प्रशिक्षणाचे काम आले. 'मुख्याध्यापक बदलला की शाळा बदलते' हे वाक्य आता सुविचारासारखे ऐकू येते. वाक्य खोटे नाही. परंतु आदिवासी मुलांच्या शाळेतला हा नेता मुलांशी आणि त्यांच्या आईबापांशी कोणत्या भाषेत बोलणार, हा पहिलाच प्रश्न या सगळ्या चर्चेत कोणी विचारत नाही. तो विचारला जात नाही तोवर आदिवासी शाळांपुरते तरी हे नेतृत्व-प्रशिक्षण म्हणजे मुक्याने बहिऱ्याला दिलेले व्याख्यान आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अहमदपुरात बसून आम्ही हे का लिहावे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर सरळ आहे. अहमदपूर आणि किनवट ही दोन्ही गावे एकाच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. आमच्या वर्गातून मराठी घेऊन बी.ए., एम.ए. झालेले आणि पुढे बी.एड. केलेले विद्यार्थीच किनवट-माहूरकडच्या आश्रमशाळांत शिक्षक होतात आणि काही वर्षांनी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसतात. म्हणजे ज्या नेतृत्वाची चर्चा चालली आहे, त्याची घडण आमच्याच महाविद्यालयांत होते.

दुसरे कारण अधिक अवघड आहे. आमच्या जिल्ह्याला 'लातूर पॅटर्न'चा अभिमान आहे, आणि त्यातल्या कष्टांविषयी आम्हालाही आदर आहे. पण हा पॅटर्न कशावर उभा आहे? चाळून घेतलेली मुले, सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा, आणि मुलासाठी लातुरात खोली घेऊन राहणारी आई. शाळा आणि घर दोघांची भाषा एक, दोघांचे ध्येय एक. हे सारे गृहीत धरून तयार झालेला यशस्वी मुख्याध्यापकाचा आदर्श आपण किनवटच्या डोंगरात नेतो आणि तेथे निकाल लागला नाही की शिक्षक-खोलीत एक ठरलेले वाक्य ऐकू येते: 'ही मुले शिकायलाच तयार नसतात.' २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या पुढे होती आणि राज्यातील अनुसूचित जमातींची ६६ टक्क्यांच्या आसपास. सोळा टक्क्यांचे हे अंतर मुलांच्या अनिच्छेने पडले असे मानायचे असेल, तर शिक्षणशास्त्राची गरजच उरत नाही.

आता आश्रमशाळेचा मुख्याध्यापक प्रत्यक्षात काय करतो ते पाहा. राज्यात सुमारे पाचशे शासकीय आणि साडेपाचशेच्या आसपास अनुदानित आश्रमशाळा आहेत. तेथील मुख्याध्यापकाला शाळेबरोबर वसतिगृहही सांभाळावे लागते. धान्य, भाजीपाला, गॅस, पाण्याचा टँकर, आजारी मुलाला दवाखान्यात नेणे, रात्रीची हजेरी आणि या सगळ्याची माहिती प्रकल्प कार्यालयाला वेळेत पाठवणे, हे त्याचे रोजचे काम. त्यातून वर्गात डोकवायला वेळ मिळालाच, तर तो मिळतो. आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांचे मृत्यू हा २०१६ मध्ये शासनाला डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमून तपासावा लागलेला विषय आहे. तेव्हा ही कामे क्षुल्लक आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण रात्री पोट दुखते आहे हे सांगायला सात वर्षांच्या कोलाम मुलीजवळ मराठी शब्द नसतील, तर तिचे दुखणे मुख्याध्यापकापर्यंत पोहोचणार कसे? येथे भाषा हा जिवाचा प्रश्न होतो.

वर्गातले उदाहरण साहित्याच्या विद्यार्थ्यांना लगेच पटेल. गोंडी आणि कोलामी या द्रविड कुळातल्या भाषा. त्यांत लिंगे दोन: पुरुषवाचक आणि इतर सारे. स्त्री, झाड, दगड यांची क्रियापदे एकाच रांगेत बसतात. मराठीची तीन लिंगे या मुलासमोर येतात तेव्हा 'आई आलं', 'झाड पडली' अशी वाक्ये त्याच्या तोंडून निघणे साहजिक आहे. ही चूक नियमबद्ध आहे. तिच्यामागे एक पूर्ण व्याकरण उभे आहे. ज्या शिक्षकाला हे ठाऊक आहे तो तिच्याकडे शिकवण्याची संधी म्हणून पाहील. ज्याला ठाऊक नाही तो मुलाला 'मठ्ठ' म्हणेल. या दोन शिक्षकांमधला फरक शाळेत कोणी पाडायचा? आमच्या मते नेतृत्व म्हणतात ते हेच.

हे सारे स्वप्नरंजन नाही, याचा पुरावा आपल्याच भूमीत आहे. किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. त्याच आदिलाबादमध्ये १९४० साली कुमरम भीम यांचे बंड जोडेघाटच्या डोंगरात गोळीबाराने दडपण्यात आले. त्यानंतर निजाम सरकारला गोंडांची दखल घेणे भाग पडले आणि मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. थोडेफार लिहिता-वाचता येणाऱ्या गोंड तरुणांना शिक्षक केले गेले. गोंडी वाचनपाठ देवनागरी लिपीत छापले गेले. पदवीधर मिळेपर्यंत थांबू, असे त्यांनी म्हटले नाही.

आणि त्याच जिल्ह्यात अधिकारी म्हणून गेले सेतुमाधवराव पगडी. १९१० साली निलंग्यात, म्हणजे आजच्या लातूर जिल्ह्यात जन्मलेले पगडी आपल्याला शिवकालाचे इतिहासकार आणि उर्दू-फारसीचे जाणकार म्हणून माहीत आहेत. त्यांनी आदिलाबादच्या गोंडांवर ग्रंथ लिहिला, आणि गोंडी व कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे रचली, हे मात्र आमच्या अभ्यासक्रमांतून क्वचितच कळते. महसुली कामाच्या रगाड्यात एका निलंगेकराला जे जमले, ते पूर्णवेळ शिक्षकी पेशातल्या माणसाला का जमू नये? 'लातूर पॅटर्न' या नावाने कोणाचा आदर्श ठेवायचाच असेल, तर तो या पगडींचा का ठेवू नये?

आक्षेप येतील. पहिला असा, की एका आश्रमशाळेत गोंड, कोलाम, परधान, आंध अशी वेगवेगळ्या समाजांची मुले असतात. आंधांची तर बोली मराठीच. मग मुख्याध्यापकाने शिकायची भाषा कोणती? उत्तर: पटावर ज्यांची भाषा मराठीपासून सर्वांत दूर आहे, त्यांची. दुसरा आक्षेप, मातृभाषेत अडकवले तर मुले मागे राहतील. येथे मराठी नाकारण्याचा प्रश्नच नाही. मराठीपर्यंत पोहोचण्याची वाट कोठून सुरू करायची, एवढाच प्रश्न आहे. प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी संविधानाच्या ३५० क अनुच्छेदाने १९५६ पासून सांगितल्या आहेत आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शक्य तेथवर मातृभाषाच माध्यम असावी असे म्हटले आहे. 'शक्य तेथवर' या दोन शब्दांत सगळी पळवाट आहे. २०१९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढून हे शक्य करून दाखवले, तर प्रशासनाने तिला अनधिकृत ठरवले!

तिसरा आक्षेप सर्वांत प्रतिष्ठित आहे: 'भाषा येणे म्हणजे नेतृत्व नव्हे.' मान्य. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये शेरबर्ग या आदिवासी वस्तीच्या शाळेत १९९८ साली ख्रिस सारा हे पहिले आदिवासी मुख्याध्यापक आले. मुलांकडून कमी अपेक्षा ठेवणे हाच त्यांच्यावरचा अन्याय आहे, ही त्यांची भूमिका होती. ती न पटलेले अनेक शिक्षक शाळा सोडून गेले, आणि वस्तीतली वडीलधारी माणसे वर्गांत येऊ लागली. उपस्थिती वाढली, निकाल सुधारले. तेव्हा नेतृत्वात अपेक्षा हवी, धैर्य हवे, वस्तीशी नाते हवे. आमचे म्हणणे इतकेच, की किनवटमध्ये हे नाते भाषेवाचून जुळणार नाही. शिक्षणहक्क कायदा शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत म्हणतो. निवासी आश्रमशाळेचे पालक मात्र दूरच्या पोडांवर आणि गुड्यांवर राहतात. ते मजुरी बुडवून सभेला आले, तरी कार्यवृत्तावर अंगठा उठवण्यापलीकडे त्यांना काय बोलता येणार, जर बोलणे मराठीतच असेल?

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. एक, अनुसूचित क्षेत्रातील आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकाने नेमणुकीनंतर दोन वर्षांत गोंडी किंवा कोलामीची तोंडी परीक्षा उत्तीर्ण व्हावी. शासन आपल्या अमराठी कर्मचाऱ्यांना मराठीची परीक्षा द्यायला लावतेच. तोच न्याय येथे उलट दिशेने लावावा. दोन, ती उत्तीर्ण होणाऱ्याला त्याच शाळेत किमान पाच वर्षे राहू द्यावे. बदली ही शिक्षा म्हणून वापरल्या जाणाऱ्या व्यवस्थेत नाती जुळत नाहीत. तीन, व्यवस्थापन समितीच्या सभा आळीपाळीने पोडांवर व्हाव्यात. मुख्याध्यापकाने पालकांकडे जावे. चार, आमच्या विद्यापीठाच्या मराठी विभागांनी गोंडी-कोलामीची एक अभ्यासपत्रिका सुरू करावी आणि ती शिकवायला त्या भाषांचे बोलणारेच बोलवावेत, मग त्यांच्याजवळ पदवी असो वा नसो. १९७९ मध्ये भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण आदिवासी साहित्यावर प्रबंध लिहितो आहोत. त्या साहित्यामागच्या भाषा शिकायला आणखी किती प्रबंध लागतील?

मराठीच्या प्राध्यापकांना एका गोष्टीची आठवण देऊन थांबतो. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद हिंदीत नाही, मराठीत आहे. ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण' ही जोडी द्रविड भाषांकडून मराठीत आली, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. गोंडी-कोलामीच्या कुळाशी असलेले हे आपले जुने देणेघेणे आहे. या लेखात आम्ही 'आम्ही' लिहिले, कारण किनवटच्या मुलांच्या वतीने 'आपण' म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. तेथल्या शाळेच्या प्रमुखाला मात्र तो मिळवावा लागेल, आणि त्यासाठी आधी त्याला त्या मुलांचे ऐकू यावे लागेल.