आधी छप्पर, मग पंखा

मार्च महिन्याच्या मध्यास आपल्या राज्यातील शाळा अर्ध्या दिवसाच्या होतात. उन्हाच्या तडाख्यापासून मुलांचे रक्षण व्हावे हा त्यामागील हेतू, आणि तो सर्वथा स्तुत्य आहे. सकाळी भरलेली शाळा साडेबाराच्या सुमारास सुटते व मुले घरोघर जातात. परंतु ती कोणत्या घरी जातात, याचा विचार आपण क्वचितच करतो. दहावीच्या वर्गातील एक विद्यार्थिनी परीक्षेच्या ऐन तोंडावर वर्गात पेंगताना दिसली, म्हणून मी तिला थोडे रागावूनच कारण विचारले. ती म्हणाली, "सर, आमच्या घरावर पत्रा आहे. दुपारी घरात बसवत नाही आणि रात्री एकपर्यंत झोप येत नाही. कूलर लावला तर बाबा बिलाकडे बोट दाखवतात." या उत्तराने मी निरुत्तर झालो. आम्ही जिला उन्हातून वाचविण्यासाठी साडेबाराला घरी धाडतो, तिला वस्तुतः शाळेहून अधिक तापलेल्या जागी धाडतो, ही गोष्ट माझ्या ध्यानात तोवर आलीच नव्हती.

त्या दिवसापासून या प्रश्नाचा मी जो विचार केला, तो येथे मांडीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, आपल्या बेल्लमपल्लीसारख्या गावी घर थंड ठेवण्याचा विचार यंत्रापासून सुरू न होता छपरापासून सुरू झाला पाहिजे. पंखा, कूलर व वातानुकूलन यंत्र ही सर्व उष्णता घरात शिरल्यानंतरची धावपळ आहे. उष्णता शिरते माथ्यावरून आणि आपण उपाय करतो खिडकीत. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी अशाच कारभाराला उद्देशून केली असावी.

विद्यार्थिमित्रांनो, उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी तीन मार्गांनी जाते, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात शिकला आहात : वहन, अभिसरण व प्रारण. परीक्षेत या तीन शब्दांच्या व्याख्या आपण अचूक लिहितो, आणि घरी येऊन ज्या पत्र्याखाली बसतो त्याच्याकडे मान वर करून पाहतही नाही! भर दुपारच्या निरभ्र उन्हात एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॉट इतकी सूर्याची शक्ती पडत असते. तीस चौरस मीटरांचे लहानसे घर घेतले, तरी त्याच्या माथ्यावर तीस शेगड्या पेटल्यासारखेच झाले. काळवंडलेला किंवा गंजलेला पत्रा यातील बहुतेक भाग शोषून घेतो आणि साठ अंशांच्याही पुढे तापतो. मग तो खाली असलेल्या माणसांवर, भिंतींवर व अंथरुणांवर अदृश्य किरणांच्या रूपाने उष्णता ओतू लागतो. हेच प्रारण. या प्रारणापुढे पंखा हतबल असतो; कारण पंखा हवा हलवितो, किरणांना अडवीत नाही. म्हणूनच पंखा पूर्ण वेगाने फिरत असतानाही डोक्यावर कोणी तवा धरल्याचा भास होतो.

हे किरण अडविण्याची युक्ती आपल्या घरातच कोठेतरी फळीवर ठेवलेली असते. चहाचा थर्मास उघडून आत पाहा. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ साली जे दुहेरी भिंतीचे पात्र बनविले, त्याचेच हे घरगुती रूप. त्याच्या काचेला आतून रुपेरी मुलामा दिलेला असतो. कारण चकचकीत धातू उष्णतेचे किरण परतवितो आणि स्वतः तापला तरी फारच थोडे किरण बाहेर टाकतो. अ‍ॅल्युमिनियमचा स्वच्छ वर्ख आपल्यावर पडणाऱ्या अशा किरणांपैकी सुमारे ९५ टक्के परत पाठवितो. पत्र्याच्या खालच्या अंगास, वासे व रिपांना धरून असा वर्ख ताणून बसविला, तर तापलेला पत्रा वरच्या वर तापत राहतो, पण त्याचा दाह खाली पूर्ण जोराने पोहोचत नाही. थंड देशांतील माळ्यांत आणि आपल्याकडील कारखान्यांच्या पत्र्याखाली हाच उपाय योजतात. बाजारात बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकवर वर्ख चढविलेल्या गुंडाळ्या मिळतात, त्यांचे काम याच तत्त्वावर चालते.

मात्र येथे एक पथ्य आहे. वर्खाच्या चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा असलीच पाहिजे. तो पत्रा व फळी यांच्यामध्ये घट्ट दाबून टाकला, तर उष्णता वहनाच्या मार्गाने सरळ पार होते आणि पैसे पाण्यात जातात. म्हणून पत्र्याखाली चार बोटे तरी पोकळी ठेवावी व आढ्याजवळ गरम हवेला बाहेर पडण्यास वाट ठेवावी.

हे लिहिताना मला माझ्या आजीच्या घराची आठवण होते. मी कोकणी बोलणाऱ्या मुलखातील. तुम्ही ज्याला कवेलू म्हणता त्याला आमच्याकडे नळे म्हणतात. त्या नळ्यांच्या उतरत्या छपराखाली लाकडी माळा असे. त्यावर नारळ, भाताचे बी आणि पावसाळ्यासाठी राखून ठेवलेले जळण पडलेले असे. लहानपणी आम्हांला तो माळा म्हणजे केवळ अडगळीची जागा वाटे. आज कळते की, ती अडगळीची जागा नव्हे, तर छप्पर आणि माणूस यांच्यामध्ये मुद्दाम राखलेला हवेचा पडदा होता. सूर्याचा ताप माळ्यावरच्या नारळांना सोसावा लागे; खाली ओसरीवर आजी सुखाने वामकुक्षी करी. इकडच्या खेड्यांतील मातीच्या जाड भिंतींच्या व कवेलूंच्या घरांतही तेच शहाणपण नांदत होते. पुढे पत्रा आला. तो स्वस्त, हलका व टिकाऊ, आणि माकडांनी फोडण्याची भीती नाही, म्हणून आपण तो स्वीकारला. त्यात चूक काही नाही. चूक एवढीच की, नळ्यांबरोबर माळाही गेला आणि त्याच्या जागी आपण काहीच ठेवले नाही. रुपेरी वर्ख व त्यामागची पोकळी म्हणजे तो हरवलेला माळा अगदी थोड्या जागेत परत आणणेच होय.

ज्यांच्या घरावर सिमेंटची गच्ची आहे, त्यांची गोष्ट थोडी निराळी. गच्ची दिवसभर उष्णता साठविते आणि रात्री ती हळूहळू खाली सोडते. तिला उपाय वरूनच केला पाहिजे, आणि तो फार जुना व फार स्वस्त आहे : चुना. ताजा पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग आकाशाकडे परत पाठवितो. परंतु आपले गाव कोळशाच्या मुलखातील. येथे पांढऱ्या गच्चीवर धूळ बसते आणि तिचे तेज मंदावते. म्हणून पांढरे छप्पर अधूनमधून धुतले पाहिजे आणि दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी चुना नव्याने दिला पाहिजे. पत्र्याखाली चकचकीत बाजू खाली करून लावलेल्या वर्खावर मात्र धूळ सहसा बसत नाही. शिवाय पौष-माघातील कडक थंडीत तोच वर्ख घरातील ऊब घरातच राखण्यास मदत करतो, हा आणखी एक लाभ.

आता बिलाकडे वळू. १ मार्च २०२४ पासून अमलात आलेल्या गृहज्योती योजनेनुसार आपल्या राज्यातील पात्र कुटुंबांना महिन्याला २०० युनिटांपर्यंत वीज विनामूल्य मिळते. ती मर्यादा ओलांडली की बिल भरावे लागते. हिवाळ्यात ही मर्यादा कोणालाच जड जात नाही. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झेपावतो, तेव्हा गणित बिघडते. २०० वॉटचा कूलर दिवसाला १२ तास चालला, तर महिन्याला ७२ युनिटे होतात. ७५ वॉटचा एक पंखा २० तास फिरला, तर ४५ युनिटे. असे दोन पंखे व एक कूलर धरले की १६२ युनिटे केवळ गारव्यासाठी खर्च झाली. त्यात शीतकपाट, दिवे व दूरदर्शन यांची भर पडली की २०० ची रेषा मागे पडतेच. समजा, छपराची सोय केल्यामुळे कूलर रोज चार तास कमी चालला, तर महिन्याला २४ युनिटे वाचतील. ही संख्या लहान दिसते. परंतु २१५ युनिटांवर असलेल्या घराला ती १९१ वर आणते, आणि त्या घरापुरता तो पूर्ण बिल व शून्य बिल यांमधील फरक ठरतो.

याला दुसरीही एक बाजू आहे. कोळशापासून एक युनिट वीज निर्माण करण्यास सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे वर सांगितलेली २४ युनिटे म्हणजे जवळजवळ १७ किलो कोळसा झाला. सिंगरेणी कंपनी १९२० साली स्थापन झाली. आज तिचे १२०० मेगावॉटचे औष्णिक विद्युत केंद्र आपल्याच जिल्ह्यात जयपूर येथे उभे आहे. कोळसा काढण्यात किती घाम व किती धोका असतो, हे या गावाला सांगण्याची आवश्यकता नाही. तुमच्यापैकी अनेकांचे आजोबा त्या अंधारात उतरलेले आहेत. त्यांनी काढलेला कोळसा केवळ छपरातून येणारी अनावश्यक उष्णता हाकलण्यासाठी जाळावा, ही त्यांच्या श्रमांची शोभा नव्हे. कोणी म्हणेल, "कोळशावरच आपले गाव उभे राहिले, तो कमी जाळा असे सांगणे म्हणजे आपल्याच पोटावर पाय." मला तसे वाटत नाही. गावाजवळच्या जुन्या खाणी बंद पडल्या त्या कोणी वीज वाचविली म्हणून नव्हे. जी संपत्ती एकदाच मिळते, ती जपून वापरणे हा तिचा सन्मानच होय.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : "आम्ही भाडेकरू, छप्पर घरमालकाचे, बिल आमचे. आम्ही खर्च का करावा?" आणि घरमालक म्हणतो, "बिल मी भरीत नाही. मी खर्च का करावा?" या दोघांच्या वादात छप्पर तसेच तापत राहते. खर्च अर्धा-अर्धा वाटून घ्यावा, याहून न्याय्य तोड मला सुचत नाही. मालकाचे घर सुधारते व भाडेकरूचे बिल उतरते. मग दोघांनीही हात आखडता घेण्याचे कारण काय?

शासनाचेही येथे कर्तव्य आहे. तेलंगण शासनाने २०२३ साली शीतछप्पर धोरण जाहीर केले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्या धोरणाची सक्ती शासकीय व व्यापारी इमारतींवर आणि ६०० चौरस यार्ड किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील घरांवर आहे; लहान घरांना ते ऐच्छिक ठेवले आहे. गरिबावर सक्ती नको, हे मला मान्य आहे. पण सक्ती नको म्हणजे साहाय्यही नको, असा अर्थ होऊ नये. ज्याच्या माथ्यावर पत्रा आहे, त्यालाच या उपायाची सर्वाधिक गरज आहे, आणि त्याच्याच हाती सर्वांत कमी पैसा आहे. नगरपालिकेने व महिला बचत गटांनी मनावर घेतले, तर उन्हाळ्यापूर्वी एकेका गल्लीतील छपरे पांढरी करणे अशक्य नाही.

उत्साहाच्या भरात सावधगिरी मात्र विसरता कामा नये. धातूचा वर्ख विजेचा वाहक आहे. ऑस्ट्रेलियात २००९ साली सरकारी योजनेतून घाईघाईने घरांच्या माळ्यांवर असे थर बसविण्यात आले, तेव्हा चार तरुण कामगार प्राणास मुकले. त्यांपैकी काहींचा मृत्यू विजेच्या धक्क्याने झाला, आणि २०१० साली वर्खाचा वापर थांबवावा लागला. म्हणून काम करताना मुख्य बटण बंद असावे, उघड्या तारांजवळ वर्ख जाऊ नये आणि विजेचे काम जाणकारानेच पाहावे. बुडबुड्यांचा थर प्लॅस्टिकचा असतो व तो पेट घेतो. त्यास चुलीपासून दूर ठेवावे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्यांना भोके पाडू नयेत व ते खरवडू नयेत, कारण त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. आणि मुलांनी एकट्याने छपरावर चढू नये, हे वेगळे सांगावयास नकोच.

तरीही मुलांनी करण्याजोगे पुष्कळ आहे. पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या. दोन्हींचे झाकण बाहेरून काळे करा. एकाच्या झाकणाखाली, थोडी पोकळी ठेवून, रुपेरी कागद लावा. दोन्हींत एकेक तापमापक ठेवून ते उन्हात मांडा आणि दर दहा मिनिटांनी आकडे वहीत टिपा. माझ्या शब्दांवर विश्वास ठेवण्याऐवजी त्या वहीवर विश्वास ठेवा, आणि ती वही घरी वडिलांपुढे ठेवा. वर्तमानपत्रातील लेखापेक्षा मुलाच्या हातचा तक्ता बापाला अधिक पटतो, असा माझा अनुभव आहे.

उन्हाळा दरवर्षी येणारच. सूर्याशी भांडून काही साधणार नाही. परंतु त्याला घरात किती येऊ द्यावयाचे, हे ठरविणे बरेचसे आपल्या हाती आहे. पुढील मार्च महिन्यात साडेबाराची घंटा होईल, तेव्हा आपल्या शाळेतील प्रत्येक मूल अशा घरी जावे की, जेथे दुपारी पुस्तक उघडता येईल आणि रात्री डोळा लागेल. पेंगणाऱ्या विद्यार्थिनीला रागावण्याचा अधिकार आम्हां शिक्षकांना त्यानंतरच प्राप्त होईल.